एकशेऐंशीच्या खालचे आकडे

केंब्रिजमधल्या ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या कचेरीत १९८३ साली लोकांसाठी खुला दिवस ठेवला होता. अशा दिवशी संस्था आपली कपाटं उघडते, भिंतींवर तक्ते लागतात आणि एरवी आपापल्या खोलीत गप्प बसणारी माणसं शाळकरी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. त्या काळी लोकांच्या मनात एक धास्ती होती. स्प्रेच्या डब्यांतून सुटणारा वायू आणि काँकॉर्ड विमानांचा धूर यांनी आकाशातला ओझोन संपत चाललाय म्हणे! जोनाथन शँकलिन या तिथल्या तरुण कर्मचाऱ्याला वाटलं, एका आलेखात हा बागुलबुवा निकालात काढता येईल. अंटार्क्टिकातल्या हॅली केंद्राचे ताजे आकडे आणि दहा वर्षांपूर्वीचे आकडे एकाच कागदावर काढायचे. रेषा एकमेकींवर बसतील आणि पाहुणे निर्धास्त होऊन घरी जातील.

रेषा एकमेकींवर बसल्या नाहीत. वर्षातले बाकीचे महिने ठीक होते, पण दक्षिण गोलार्धातल्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास, ताजी रेषा सरळ खाली उतरली होती.

एका वर्षाच्या आकड्यावरून कोणी काही बोलत नाही. ध्रुवावरचा वसंत लहरी असतो, एखाद्या साली वारे वेगळे वाहतात. शँकलिनने मागची वर्षं काढली. १९७७ मध्ये तो नोकरीला लागला तेव्हा त्याच्या वाट्याला आलेलं काम भलतंच कंटाळवाणं होतं. वर्षानुवर्षं साचलेले हाताने लिहिलेले तक्ते संगणकात भरायचे आणि त्यांतल्या चुका शोधायच्या. ते काम झालेलं असल्यामुळेच त्याला ही रेषा मागे नेता आली, आणि मागे नेली तसतशी ती स्पष्ट होत गेली. घसरण सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुरू होती आणि जवळपास दरसाल आणखी खाली जात होती.

हॅली हे ठिकाण कसं आहे ते सांगायला हवं. वेडेल समुद्राच्या काठी, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर हे केंद्र आहे. जमीन नाहीच. त्या काळी दरवर्षी बर्फ पडायचा, जुनी घरं त्याखाली गाडली जायची, मग नवी बांधायची. वर्षातले साडेतीन महिने सूर्य उगवत नाही. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने तिथे ओझोन मोजायला सुरुवात झाली आणि नंतर कोणी थांबवलं नाही म्हणून ती चालू राहिली.

मोजायचं यंत्र ऑक्सफर्डच्या गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात तयार केलेलं. लांबलचक, जड पेटी. सूर्याच्या अतिनील किरणांतल्या दोन तरंगलांबी निवडायच्या. एक ओझोन चांगलीच शोषून घेतो, दुसरी बरीचशी तशीच खाली पोहोचते. निरीक्षकाने डायल फिरवत सुई शून्यावर आणायची आणि डायलवरचा आकडा वहीत उतरवायचा. दोन किरणांच्या तेजातल्या फरकावरून डोक्यावर किती ओझोन आहे ते निघतं. हा सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंशाला पसरला, तर जेमतेम तीन मिलिमीटरचा थर होईल. या तीन मिलिमीटरला ३०० डॉब्सन म्हणतात. हॅलीला ऑक्टोबरमध्ये सुरुवातीच्या वर्षांत साधारण एवढाच ओझोन असायचा. १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये तो २०० च्याही खाली गेला.

या विभागाचे प्रमुख होते जो फार्मन. पाइप ओढणारा, प्रसिद्धीची हौस नसलेला माणूस. १९५७ साली ते स्वतः अंटार्क्टिकात ओझोन मोजत होते. पंचवीस वर्षं त्याच त्या मोजणीला पैसे कशाला घालायचे, हा प्रश्न त्यांच्यासारख्यांच्या पाचवीला पुजलेला. आता हातात आलेला आकडा एवढा मोठा होता की त्यावर त्यांचाच विश्वास बसेना. यंत्र जुनं होतं. थंडी अशी की माणूस चुकतो, यंत्रही चुकतं. वसंतात सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, त्या तिरप्या उजेडात मोजमाप बेभरवशाचं होतं. म्हणून त्यांनी नव्याने तपासून घेतलेलं दुसरं यंत्र हॅलीला पाठवलं. त्या यंत्रानेही तेच सांगितलं. हॅलीच्या बरंच उत्तरेला अर्जेंटाइन आयलंड्सवर सर्व्हेचं आणखी एक केंद्र होतं. तिथलेही आकडे काढले. घसरण तिथे कमी होती, पण होती.

तरीही एक शंका सुटत नव्हती. १९७८ च्या अखेरपासून अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह साऱ्या पृथ्वीवरचा ओझोन रोज मोजत होता. दोन पेट्या घेऊन बसलेल्या मूठभर ब्रिटिशांना जे दिसलं, ते नासाला दिसत नसेल? आणि दिसलं असेल तर ते बोलत का नाहीत? आपण छापायचं आणि महिन्याभरात नासाने उपग्रहाचा नकाशा समोर ठेवून आपल्याला वेड्यात काढायचं, हे हात दाखवून अवलक्षण झालं असतं.

१९८४ च्या नाताळात, २४ डिसेंबरला, फार्मन, त्यांचे सहकारी ब्रायन गार्डिनर आणि शँकलिन या तिघांचा निबंध 'नेचर'च्या कचेरीत पोहोचला. १६ मे १९८५ च्या अंकात तो छापून आला. थोडक्या पानांचा मजकूर, मोजके आलेख. त्यांतल्या एकात ऑक्टोबरमधला ओझोन आणि हवेतला सीएफसी, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, एकाच चौकटीत दाखवला होता. सीएफसीची मोजपट्टी उलटी लावलेली, त्यामुळे दोन्ही एकत्रच खाली उतरताना दिसतात.

त्या निबंधातली मोजमापं पुढे कसाला उतरली. त्याच निबंधात घसरणीचं जे रासायनिक स्पष्टीकरण दिलं होतं, ते मात्र टिकलं नाही. काय घडतंय हे बरोबर, का घडतंय हे चूक. पुढच्या दोन वर्षांत जगाने निर्णय घेतला तो या स्थितीत.

आता नासाकडे वळू. नासाच्या संगणकाने फार कमी आलेले आकडे 'अशक्य' समजून फेकून दिले, ही गोष्ट भाषणांतून आणि पाठ्यपुस्तकांतून इतकी फिरली आहे की ती खरीच वाटते. ती खरी नाही, आणि खरी गोष्ट जास्त बोलकी आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लाखो आकड्यांतले १८० डॉब्सनच्या खालचे आकडे संगणक वेगळी खूण करून ठेवत असे. फेकत नसे. एवढा कमी ओझोन तोवर कुठेही, कधीही नोंदला गेला नव्हता, त्यामुळे अशा आकड्याला आधी यंत्राचा दोष समजणं यात मूर्खपणा नव्हता. खूण केलेले आकडे नंतर माणसं तपासत. १९८४ च्या मध्याला गोडार्ड केंद्रातल्या ओझोन गटाच्या लक्षात आलं की आदल्या ऑक्टोबरमधल्या खुणांची संख्या फारच वाढली आहे, आणि त्या विखुरलेल्या नाहीत. सगळ्या अंटार्क्टिकावर एकाच जागी दाटल्या आहेत. यंत्र बिघडलं तर ते असं नकाशा बघून बिघडत नाही.

त्यांनी पडताळा घ्यायचा ठरवला. ऐन दक्षिण ध्रुवावर अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट केंद्र आहे आणि तिथेही डॉब्सनचं यंत्र होतं. उपग्रह खोटं बोलतोय की खरं, हे ते जमिनीवरचं यंत्र सांगेल. यंत्राच्या नोंदी काढल्या. त्यांत ३०० च्या आसपास आकडे होते, अगदी नेहमीचे.

घोडं इथे पेंड खात होतं. ध्रुवावरच्या त्या नोंदीच सदोष होत्या. मोजताना चुकीच्या तरंगलांबी वापरल्या गेल्या होत्या आणि ते नंतर कळलं. म्हणजे खऱ्या आकड्यांना खोटं ठरवायला चुकीचे आकडे साक्षीला उभे राहिले. तरीही त्या गटाने आपला नकाशा सोडला नाही. गटातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन भारतिया यांनी १९८५ च्या ऑगस्टमध्ये प्रागच्या परिषदेत तो मांडला, आणि त्याचा सारांश फार्मन यांचा निबंध छापून येण्याआधीच पाठवलेला होता. त्या नकाशात पहिल्यांदा दिसलं की ही घसरण हॅलीपुरती नाही. अंटार्क्टिकाएवढ्या विस्ताराचा एक मोठा गोल आहे. 'ओझोनचं छिद्र' हे नाव त्या चित्रामुळे लोकांच्या तोंडी बसलं.

जपानच्या स्योवा केंद्रावरच्या शिगेरू चुबाची यांची गोष्ट तर याहून चुटपुट लावणारी आहे. १९८२ च्या वसंतातली घट त्यांनी स्वतः मोजली आणि १९८४ च्या सप्टेंबरमध्ये ग्रीसमधल्या ओझोन परिषदेत भित्तिपत्रावर लावली. फार्मन यांच्या निबंधाच्या आठ महिने आधी. पण त्यांच्या हातात साधारण एका वर्षाच्या नोंदी होत्या, सत्तावीस वर्षांच्या नव्हत्या. माणसं पत्रक वाचून पुढे गेली.

या सगळ्याला आधीची दहा वर्षं होती, आणि ती लक्षात घेतल्याशिवाय १९८५ ची खळबळ कळत नाही. सीएफसी १९२८ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने शीतकपाटांसाठी शोधला. त्याआधी वापरात असलेले वायू विषारी तरी होते किंवा पेट घेणारे. हा नवा वायू पेटत नव्हता, वास येत नव्हता, कशाशीच अभिक्रिया करत नव्हता. मिजली यांनी तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. १९७१-७२ मध्ये जेम्स लव्हलॉक एका जहाजावरून अंटार्क्टिकापर्यंत हवा तपासत गेले तेव्हा त्यांना हा वायू वाटेत सगळीकडे सापडला. त्यापासून काही धोका त्यांना दिसला नाही आणि त्यांनी तसं छापलंही. कॅलिफोर्नियातल्या शेरवुड रोलंड यांच्या कानावर हे मोजमाप आलं तेव्हा त्यांना वेगळाच प्रश्न पडला. जो वायू कशाशीच अभिक्रिया करत नाही, तो शेवटी जातो कुठे? १९७३ च्या शरदात त्यांच्याकडे आलेल्या मारियो मोलिना या मेक्सिकन तरुणाने तो प्रश्न हातात घेतला. उत्तर असं निघालं की तो हळूहळू वर चढतो, स्थितांबरात अतिनील किरणांनी फुटतो आणि त्यातून सुटलेला क्लोरिनचा एक अणू ओझोनचे सुमारे लाखभर रेणू मोडतो. २८ जून १९७४ ला हा निबंध 'नेचर'मध्ये आला. तेव्हा ओझोन कमी झाल्याचं एकही मोजमाप कोणाकडे नव्हतं. सगळं कागदावरचं गणित होतं.

अमेरिकेने या गणितावर भरवसा ठेवून १९७८ मध्ये स्प्रेच्या डब्यांत सीएफसी वापरायला बंदी केली. पण गणित स्थिर राहिना. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालांतले अंदाज बघा: सीएफसी याच वेगाने सुटत राहिला तर पुढेमागे ओझोन किती घटेल? १९७६ मध्ये सुमारे ७ टक्के. १९७९ मध्ये सोळाच्या वर. १९८२ मध्ये ५ ते ९. १९८४ मध्ये २ ते ४. प्रयोगशाळेत एखाद्या अभिक्रियेचा वेग नव्याने मोजला की अंदाज उडी मारायचा. कारखानदार म्हणत, आधी तुमचं आपसांत ठरू द्या. आणि हे म्हणणं अगदीच गैरवाजवी होतं असं मला वाटत नाही. शेकडो कोटींचा धंदा, आणि समोरचा शास्त्रज्ञ दर तीन वर्षांनी वेगळा आकडा सांगतोय. १९८४ पर्यंत प्रश्न जवळपास थंडावला होता. मार्च १९८५ मध्ये व्हिएन्नात देश जमले, त्यांनी ओझोनचं रक्षण करण्याचा करार केला आणि त्यात कोणावरही कसलीही कपात घातली नाही. फार्मन यांचा निबंध तेव्हा 'नेचर'कडे होता, छापून यायचा होता.

त्या निबंधाने सर्वांत मोठा धक्का दिला तो अंदाज बांधणाऱ्यांना. १९८४ च्या आराखड्यांत अंटार्क्टिकावरची अशी पडझड कुठेच नव्हती. २ ते ४ टक्के घट, तीही काही दशकांनी, असं बोलणं चालू असताना एका जागी चाळीस टक्के ओझोन गेला होता. अनिश्चितता दोन्ही बाजूंना असते. चर्चेत मात्र 'अनिश्चित' म्हणजे 'बहुधा तितकं वाईट नसेल' असं धरलं जायचं, आणि ही सवय आजही गेलेली नाही.

कारण शोधायला १९८६ च्या ऑगस्टमध्ये सुसान सॉलोमन ही तिशीतली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ मॅकमर्डो केंद्रावर गेली. तिचा तर्क असा: ध्रुवीय हिवाळ्यात स्थितांबर इतकं गार पडतं की तिथे ढग बनतात. त्या ढगांतल्या कणांच्या पृष्ठभागावर, एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकलेला क्लोरिन मोकळा होतो आणि वसंतात सूर्य आला की ओझोनवर तुटून पडतो. कोणाच्याच आराखड्यात हे ढग धरलेले नव्हते. अंटार्क्टिकातल्या रात्री छपरावर उभं राहून, आरशाने चंद्राचा उजेड खालच्या यंत्रात वळवून तिने आणि तिच्या सोबत्यांनी क्लोरिनच्या एका ऑक्साइडची खूण मोजली. ती अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली. ऑक्टोबरमध्ये तिथूनच रेडिओवरून पत्रकारांना सांगितलं गेलं की दोष रसायनांचा दिसतो. ही घट वाऱ्यांच्या हालचालींमुळे होते, असा सिद्धांत मांडणारे चिडले. एका मोहिमेवरून एवढं बोलायचं? पण करारासाठीच्या वाटाघाटी त्याच हिवाळ्यात सुरू व्हायच्या होत्या.

आता माँट्रियल. सप्टेंबर १९८७. जमलेल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: अंटार्क्टिकावरचं छिद्र का पडलं याचं उत्तर अजून आलेलं नाही. चिलीतल्या पुंता अरेनासहून नासाची उंच उडणारी विमानं त्याच दिवसांत छिद्राच्या आत शिरून क्लोरिन मोजत होती, पण त्यांचे आकडे यायचे बाकी होते. त्यामुळे वाटाघाटींत छिद्र औपचारिकरीत्या बाजूला ठेवलं गेलं. अमेरिकेचे मुख्य वाटाघाटीकार रिचर्ड बेनेडिक यांनी पुढे हे लिहून ठेवलं आहे. बाजूला ठेवलं तरी प्रत्येकाच्या डोक्यात ते होतंच, असं मला वाटतं. वर्तमानपत्रं रोज त्याचाच नकाशा छापत होती.

देशादेशांत ओढाताण होती. युरोपातले कारखानदार कपातीला नाखूश, कारण त्यांच्याकडे स्प्रेवर अमेरिकेसारखी बंदी नव्हती. अमेरिकेच्या सरकारातही फाटाफूट. रेगन यांचे अंतर्गत खात्याचे मंत्री डोनाल्ड होडेल यांनी म्हणे करारापेक्षा टोप्या आणि गॉगल वापरायचा पर्याय सुचवला. बातमी फुटली, लोक हसले आणि त्या हसण्यामुळे अमेरिकेची बाजू उलट कडक झाली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख मुस्तफा टोल्बा हे इजिप्शियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एकेका शिष्टमंडळाला खोलीत बोलावून आकडा खाली आणत होते. १६ सप्टेंबरला २४ देशांनी आणि युरोपीय समुदायाने सह्या केल्या. १९८६ च्या पातळीवरून, शतक संपण्याआधी, सीएफसी निम्म्यावर आणायचा.

५० टक्के हा आकडा कुठल्या प्रयोगातून आला नव्हता. कोणी ९५ म्हणत होतं, कोणी २०, त्यात जे जुळलं ते. ओझोन वाचवायला तो पुरेसा नव्हता हे वर्षभरातच दिसलं. पण करारात दोन कलमं अशी होती ज्यांच्याकडे तेव्हा फारसं कोणी बघितलं नाही. एक, दर चार वर्षांनी निदान एकदा शास्त्रज्ञांनी सगळा पुरावा नव्याने तपासायचा. दुसरं, ज्या वायूंवर आधीच बंधन आहे त्यांची कपात वाढवायची असेल तर नवा करार करून प्रत्येक देशाच्या संसदेत न्यायची गरज नाही, बैठकीत ठरलं की ते सगळ्यांना लागू. आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात, तसा हा करार शिवला होता. १९९० मध्ये लंडनला ५० टक्क्यांची पूर्ण बंदी झाली, २००० साल ठरलं. १९९२ मध्ये कोपनहेगनला ते १९९६ वर आलं.

मधल्या काळात विमानांचे आकडे आले. विमान छिद्रात शिरतं तिथे क्लोरिन मोनॉक्साइडची रेषा उसळी घेते आणि नेमकी तिथेच ओझोनची रेषा कोसळते, चढउतारांच्या बारीक दातांसकट. ते बघून वाऱ्यांच्या सिद्धांताची बाजू लंगडी पडली. मार्च १९८८ मध्ये आणखी एक अहवाल आला. तोवर उत्तर गोलार्धात घट दिसत नाही असंच समजत होते, कारण आराखडे वर्षभर सारखीच घट गृहीत धरत. रोलंड यांचा विद्यार्थी नील हॅरिस याने जुन्याच केंद्रांचे जुनेच आकडे महिन्यांनुसार वेगळे केले, आणि हिवाळ्यातली घट उघडी पडली. एकही नवं यंत्र लागलं नाही.

जगातला सुमारे पाव सीएफसी बनवणाऱ्या ड्यूपाँ कंपनीने सत्तरच्या दशकात जाहीर वचन दिलं होतं, की भरवशाचा पुरावा आला तर आम्ही हा वायू बंद करू. अमेरिकेच्या तीन सिनेटरांनी त्याची आठवण करून दिली. ४ मार्च १९८८ ला कंपनीच्या अध्यक्षांचं उत्तर आलं: तशी गरज दिसत नाही. १५ मार्चला तो अहवाल जाहीर झाला. २४ मार्चला कंपनीने उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची घोषणा केली. पर्यायी वायूंत तिचाही स्वार्थ होता हे खरंच, पण वीस दिवसांतलं हे घूमजाव नुसत्या स्वार्थाने समजत नाही.

भारताने माँट्रियलमध्ये सही केली नव्हती, आणि ते बरोबरच होतं. 'फ्रिजमधला गॅस गेला, भरून द्या' हे वाक्य ऐंशीच्या दशकात आपल्याकडे ज्यांच्या घरी ऐकू यायचं ती घरं थोडीच होती. तो 'गॅस' म्हणजेच हा वायू. करारात विकसनशील देशांना माणशी ०.३ किलोची मर्यादा आणि दहा वर्षांची सवलत होती. भारताचा वापर त्या मर्यादेच्या कितीतरी खाली होता. छिद्र पाडलं कोणी आणि नवं तंत्रज्ञान विकत घ्यायचं कोणी, हा प्रश्न १९९० च्या लंडन बैठकीत पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी लावून धरला. चीनही सोबत होता. त्यातून बहुपक्षीय निधी उभा राहिला, पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर २४ कोटी. १९९२ मध्ये भारत करारात आला. मुदत २०१० ची होती, पण दम्याच्या इनहेलरसाठी लागणारा अपवाद सोडून भारताने १ ऑगस्ट २००८ लाच सीएफसीचं उत्पादन थांबवलं.

फ्रिजच्या गॅसवरून आठवलं. हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन यांनी अमेरिकेला जाण्याआधी सिकंदराबादच्या एका शीतयंत्रांच्या कंपनीत नोकरी केली होती. गॅस गळतो का ते शोधायचं त्यांचं काम. १९७५ मध्ये त्यांनीच दाखवून दिलं की सीएफसी हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा, रेणूमागे, हजारो पटींनी जास्त उष्णता धरून ठेवणारा हरितगृह वायू आहे. ओझोनच्या भांडणात याकडे दुर्लक्ष झालं. पण ओझोनसाठी केलेल्या या बंदीने तापमानवाढ रोखायला जेवढी मदत केली, ती क्योटो कराराच्या पहिल्या टप्प्याच्या उद्दिष्टापेक्षा कितीतरी मोठी निघाली. माँट्रियलमध्ये सह्या करणाऱ्यांनी हे मोजलेलं नव्हतं.

करारामुळे सगळं आपोआप सुरळीत झालं असंही नाही. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या स्टीफन माँट्झका यांच्या गटाने जाहीर केलं की सीएफसी-११ हवेतून जितक्या वेगाने कमी व्हायला हवा तितका होत नाही, २०१२ नंतर हा वेग मंदावला आहे. कागदोपत्री जगात त्याचं उत्पादन २०१० पासून शून्य होतं. देशांनी स्वतः भरून दिलेले तक्ते एक सांगत होते आणि हवा दुसरंच सांगत होती. यावेळी कोणी आकडे बाजूला ठेवले नाहीत. कोरियाच्या जेजू बेटावरचं गोसान आणि जपानचं हातेरुमा या केंद्रांवर वारा कुठून आला त्याचा हिशेब लावत २०१९ मध्ये मूळ बरंचसं सापडलं: पूर्व चीन, मुख्यतः शानडाँग आणि हबे हे प्रांत. फोम बनवणारे कारखाने स्वस्त म्हणून बंदी घातलेलाच वायू वापरत असल्याचं पत्रकारांच्या आणि पर्यावरण संघटनेच्या तपासातून आधीच बाहेर आलं होतं. चीनने छापे घातले आणि २०१९ च्या अखेरीस आकडे पुन्हा उतरले.

मात्र त्या वाढीचा सुमारे ४० ते ६० टक्के हिस्साच पूर्व चीनच्या नावावर निश्चितपणे मांडता आला. बाकीचा कुठून आला ते ठरवता आलं नाही. भारताचा बराचसा भाग, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांच्या हवेवर नजर ठेवणारी केंद्रं मोजणीच्या जाळ्यात जवळजवळ नव्हतीच. ती कुठे उभारायची आणि त्यांचा खर्च कोणी करायचा, हा विषय तेव्हापासून करारातल्या देशांच्या बैठकांत चर्चेला येतो आहे.